दंड स्वाराला हवा, घाटाला नको

जर्मनीतल्या फ्रायबुर्ग शहराला लागून शाउइन्सलांड नावाचा डोंगर आहे. त्याच्यावर चढणाऱ्या वळणावळणाच्या रस्त्यावर एके काळी मोटारींच्या शर्यती होत. आज त्याच रस्त्यावर उन्हाळी हंगामात शनिवारी, रविवारी आणि सणासुदीच्या दिवशी मोटरसायकल नेता येत नाही. मोटार चालते, सायकल चालते, बंदी फक्त मोटरसायकलला. बव्हेरियात कोखेल आणि वाल्खेन या तळ्यांच्या मधल्या केसलबेर्ग घाटातही आठवड्याच्या सुटीला मोटरसायकलवर बंदी असते. सीमा ओलांडून ऑस्ट्रियाच्या टिरोल प्रांतात गेलं, तर लेख नदीच्या खोऱ्यात आणि हानटेनयोख खिंडीच्या परिसरात कागदावर जास्त आवाजाची नोंद असलेल्या गाड्यांना उन्हाळाभर मज्जाव.

मी श्टुटगार्टजवळ राहतो. वाहन उद्योगातल्या नोकरीसाठी पुण्याहून इथे आलेले मराठी लोक बरेच आहेत, आणि ऊन पडलं की बाइक काढून ब्लॅक फॉरेस्ट गाठणारेही त्यांच्यात कमी नाहीत. घाटबंदीचा विषय निघाला की सगळ्यांचा सूर एकच लागतो: पोलिसांना बाइकवाले डोळ्यांत खुपतात, म्हणून हे चाललंय. मला ते पटत नाही. बंदी अन्यायाची आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण ती येते कुठून, याचं उत्तर पोलिसांच्या आकसात नाही. नेमका चुकणारा स्वार सापडत नाही, म्हणून ती येते. आणि तो सापडू नये अशी व्यवस्था टिकवून धरण्यात बाइकवाल्यांच्या संघटनांचाही हात आहे.

आधी गावकऱ्यांची बाजू. आल्प्सच्या अरुंद खोऱ्यांत आवाज दोन्ही कड्यांवर आपटून घुमत राहतो. वरच्या वळणावर कुणी दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन पिळलं की खाली अंगणात बसलेल्या माणसाला शेजाऱ्याशी बोलता येत नाही. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, उन्हाळ्यातला प्रत्येक रविवार. माझ्या घरासमोर असं होत असतं तर मीही सरपंचाकडे जाऊन बसलो असतो. या लोकांची तक्रार शंभर टक्के खरी आहे, आणि जो बाइकवाला ती हसण्यावारी नेतो त्याच्याशी मला वादच घालायचा नाही.

पण टिरोलने त्या तक्रारीवर काढलेला उपाय पाहा. 10 जून 2020 पासून नियम लागू झाला: ज्या मोटरसायकलचा उभ्या गाडीचा आवाज 95 डेसिबलच्या वर नोंदलेला आहे, तिला ठरावीक रस्त्यांवर 31 ऑक्टोबरपर्यंत प्रवेश नाही. मोडला तर दंड 220 युरो. पुढच्या वर्षांतही हा नियम हंगामाबरोबर परत येत राहिला. हा आकडा गाडीच्या नोंदणीच्या कागदावर यू.1 नावाच्या रकान्यात असतो. तो मोजतात तो गाडी जागेवर उभी करून, इंजिन ठरावीक फेऱ्यांवर नेऊन, सायलेन्सरच्या तोंडापासून अर्ध्या मीटरवर माइक धरून. रस्त्यावर चालताना ती गाडी गावातून किती आवाज करत जाते, याचा त्या आकड्याशी थेट संबंध नाही.

परिणाम असा की 96 नोंद असलेली गाडी घेऊन एखादा साठीचा माणूस चौथ्या गिअरमध्ये शांतपणे चालला असेल, तरी त्याला नाक्यावरून परत फिरवतात. मागून 94 नोंदीची गाडी घेऊन विशीतला पोरगा प्रत्येक वळणानंतर इंजिन किंचाळवत गेला तर त्याचा कागद साफ. स्पोर्ट्स कारला तर हा नियमच नाही, मग तिचा सायलेन्सर कितीही गरजू दे. जो नियम नीट वागून पाळताच येत नाही, तो वाहतुकीला शिस्त लावणारा नियम म्हणवत नाही. पहिल्या माणसाने आणखी काय करायचं होतं? गाडी विकायची?

खुद्द जर्मनीतही हेच वारं वाहत होतं. 15 मे 2020 रोजी बुंडेसराटने, म्हणजे तिथल्या राज्यांच्या सभागृहाने, ठराव केला: नव्या मोटरसायकलींचा आवाज कोणत्याही वेगात 80 डेसिबलच्या आत ठेवा आणि आवाजापासून संरक्षणासाठी रविवारी व सणाच्या दिवशी रस्ते बंद करण्याची मुभा द्या. जुलैत म्युनिकपासून श्टुटगार्टपर्यंत हजारो बाइकस्वार रस्त्यावर उतरले. केंद्रीय वाहतूकमंत्र्यांनी आणखी बंदी नको असं सांगितलं आणि प्रकरण तिथे थांबलं. संघटनांनी विजय झाला म्हणून सांगितलं. पण गावातला आवाज तसाच राहिला, म्हणून मागणीही तशीच राहिली. ती पुन्हा वर येणार.

आता पोलिसांबद्दल. ब्लॅक फॉरेस्टमधली एक तपासणी मी अगदी जवळून पाहिली आहे. घाटमाथ्याच्या अलीकडे झाडाआड एक पोलीस लेझर गन घेऊन उभा, आणि तीनशे मीटर पुढे दुसरी पोलीस हातातली लाल पाटी दाखवत गाड्या पार्किंगमध्ये वळवत होती. वेग जास्त असो-नसो, बाइक दिसली की आत. हेल्मेट काढायचं, लायसन आणि नोंदणीचा कागद द्यायचा. मग ती बाई खाली बसली, टायरच्या खाचेत मोजपट्टी घातली, सायलेन्सरच्या तोंडात टॉर्च मारून आवाज दाबणारी आतली जाळी जागेवर आहे का ते पाहिलं, त्याच्यावर कोरलेला मंजुरीचा क्रमांक वाचून कागदाशी ताडला. ब्रेकची मूठ बदललेली दिसली म्हणून त्या मुठीचा वेगळा मंजुरीचा कागद मागितला. माझ्यापुढच्या मुलाने सायलेन्सरची जाळी काढून टाकली होती. त्याला तिने बाजूला घेतलं, टॉर्चच्या उजेडात रिकामी जागा दाखवली, गाडी आता इथून चालवत नेता येणार नाही हे शांतपणे सांगितलं आणि कागद लिहायला घेतला. आवाज चढला नाही, अपमान नाही, ‘बघून घ्या काही तरी’ म्हणायची सोय नाही. तो मुलगा चिडला होता, पण दंड कशाचा झाला हे त्याला पुरतं कळलं होतं.

मला हवा तो दंड असा: माणूस समोर, वस्तू समोर, कारण समोर. अडचण एवढीच की अशा तपासणीला चार-सहा पोलीस आणि अख्खा दिवस लागतो, तर घाट आहेत शेकड्यांनी. ती महिन्यातून एखादा रविवार होते. शिवाय पहिल्या दहा मिनिटांत समोरून येणारे स्वार डोक्यावर थाप मारून ‘पुढे पोलीस आहेत’ अशी खूण करू लागतात आणि सगळा घाट सभ्य होतो.

मग उरतो कॅमेरा. आणि इथेच खरी गाठ आहे. युरोपात मोटरसायकलला नंबर प्लेट फक्त मागे असते. जर्मनीतले बहुतेक स्पीड कॅमेरे समोरून फोटो काढतात, कारण तिथल्या कायद्याला गाडी कोणाची आहे हे पुरत नाही, चालवणारा कोण होता हे सिद्ध करावं लागतं आणि त्यासाठी चेहरा लागतो. समोरून फोटो काढला तर मोटरसायकलचा नंबर नाही. मागून काढला तर चेहरा नाही. समोरून चेहरा दिसलाच तर तो हेल्मेटमध्ये. प्रकरण बहुतेक वेळा फाइलबंद होतं. फार तर मालकाला पुढे काही महिने गाडी कोण कधी चालवतो याची वही ठेवायला लावतात, तीही नंबर मिळाला असेल तर.

बाइकवाल्यांमध्ये ही गोष्ट मोठ्या समाधानाने सांगितली जाते. मला ते समाधान फार महागात पडलेलं दिसतं. कॅमेरा बसवून बाइकवाल्यांना काही फरक पडत नाही, पोलीस रोज उभे करता येत नाहीत, मग गावचं पंचायत मंडळ काय करणार? त्यांच्या हातात एकच हत्यार राहतं: रस्ताच बंद. ज्या मोकळिकीचा फायदा शंभरातल्या पाच-दहा बेफाम स्वारांना होतो, तिची किंमत उरलेले सगळे घाट गमावून मोजतात. चोर सोडून संन्याशाला फाशी.

इतर देशांनी हे वेगळ्या तऱ्हेने सोडवलंय. ऑस्ट्रियात कॅमेरा मागून फोटो काढतो आणि गाडी कोण चालवत होतं हे सांगणं मालकावर बंधनकारक आहे, न सांगितल्यास त्याचा वेगळा दंड. नेदरलँड्समध्ये किरकोळ वेगमर्यादाभंगाचा दंड सरळ मालकाच्या नावावर येतो. ब्रिटनमध्ये चालकाचं नाव 28 दिवसांत कळवावं लागतं, नाहीतर लायसनवर दंडाचे सहा गुण चढतात. या ब्रिटिश नियमाविरुद्ध दोन वाहनमालक थेट स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेले होते. स्वतःविरुद्ध बोलायला लावणं हे निष्पक्ष सुनावणीच्या हक्काच्या आड येतं, असा त्यांचा दावा होता. 2007 मध्ये न्यायालयाने तो फेटाळला. गाडी ठेवणारा माणूस तिच्याबरोबर येणाऱ्या काही जबाबदाऱ्याही स्वीकारतो, असा त्या निकालाचा रोख होता.

जर्मन वकील यावर म्हणतील की ज्याने गुन्हा केला त्यालाच शिक्षा, हे तत्त्व आम्ही फार मोठी किंमत मोजून शिकलो आहोत. ते मला मान्य आहे, आणि त्याचा आदर आहे. पण मग शाउइन्सलांडचं काय? तिथे रविवारी अडवलेल्या प्रत्येक स्वाराला काहीही न करता शिक्षा होते. पुरावा नाही, सुनावणी नाही. एका बाजूला चेहरा दिसत नाही म्हणून दोषी सुटतो आणि दुसऱ्या बाजूला चेहरा न पाहताच निर्दोष अडवला जातो, ही दोन्ही कामं एकाच तत्त्वाच्या सावलीत चालली आहेत. मला फ्रान्सची मधली वाट बरी वाटते: पैशांचा दंड नोंदणी ज्याच्या नावावर आहे त्याने भरायचा, पण लायसनवरचे गुण कापायचे असतील तर तोच चालवत होता हे सिद्ध व्हायला हवं. खिशाला चाट बसते आणि लायसन मात्र पुराव्याशिवाय जात नाही.

दंडाची रक्कम हा आणखी एक मुद्दा. 2001 मध्ये नोकियाचे एक संचालक अन्सी वान्योकी हेलसिंकीत 50 च्या हद्दीत 75 च्या वेगाने हार्ली-डेव्हिडसन चालवताना पकडले गेले. फिनलंडमध्ये अशा गुन्ह्याचा दंड उत्पन्नाच्या प्रमाणात ठरतो. त्यांना 1,16,000 युरो भरायला सांगितलं गेलं. नंतर त्यांचं उत्पन्न बरंच घटल्याचं दिसल्यावर न्यायालयाने ती रक्कम खूपच खाली आणली. जगभर या बातमीची गंमत झाली, पण मला ती पद्धत अतिशय न्याय्य वाटते. तोच दंड पिझ्झा पोहोचवणाऱ्या मुलाला आणि कंपनीच्या संचालकाला सारखाच ठेवला, तर एकासाठी तो महिन्याचं भाडं असतो आणि दुसऱ्यासाठी पार्किंगचा खर्च.

स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रियाची कडक बाजूही मला मान्य आहे. स्वित्झर्लंडमध्ये 2013 पासून गावात 50 च्या हद्दीत आणखी 50 ने जास्त पळवणं हा तुरुंगात नेणारा गुन्हा आहे, गाडीही जप्त होऊ शकते. सुरुवातीला न्यायाधीशाला किमान एक वर्षाची शिक्षा देण्यावाचून मार्गच नव्हता, 2023 मध्ये त्याला थोडी मोकळीक दिली गेली, तेही योग्यच झालं. ऑस्ट्रियात 1 मार्च 2024 पासून टोकाच्या वेगासाठी गाडी जागच्या जागी काढून घेता येते. या शिक्षा जबर आहेत, पण त्या केलेल्या कृत्याला आहेत, मोटरसायकल बाळगण्याला नाहीत.

महाराष्ट्रातून आल्प्समध्ये भाड्याच्या गाड्या घेऊन फिरायला येणारे गट आता वाढले आहेत, त्यांच्यासाठी थोडं. परदेशी स्वाराकडून दंड किंवा त्याची अनामत जागेवरच मागण्याचा अधिकार इथल्या बऱ्याच देशांच्या पोलिसांना आहे. कार्ड चालतं, पावती मिळते, ती घेतल्याशिवाय निघू नका. कॅमेऱ्यातला दंड भाड्याने गाडी देणाऱ्या कंपनीमार्फत काही आठवड्यांनी येतो आणि कंपनी वर आपला आकार लावते. फ्रान्समध्ये प्रमाणित हातमोजे घालणं 2016 पासून सक्तीचं आहे, बेल्जियममध्ये 2011 पासून घोटा झाकणारे बूट, लांब बाह्यांचं जॅकेट आणि पूर्ण पँटही. पोलीस अडवतील म्हणून नव्हे, डांबरावर घसरल्यावर कातडी राहावी म्हणून हे पाळा. 2022 मध्ये युरोपीय संघात रस्त्यांवर वीस हजारांहून जास्त माणसं गेली, आणि त्यात जवळपास पाचातलं एक दुचाकीवरचं होतं.

इथे राहायला आलेल्यांना तर आणखी एक धक्का बसतो. भारतीय लायसन जर्मनीत बदलून मिळत नाही. आयुष्य पुण्याच्या रस्त्यांवर दुचाकी चालवण्यात गेलेल्या माणसालाही लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा पुन्हा द्यावी लागते. परीक्षक मागे मोटारीत बसतो, हेल्मेटमधल्या इअरफोनवरून सूचना येतात, 50 च्या वेगातून गाडी एका झटक्यात थांबवून दाखवावी लागते. मोठी गाडी थेट हवी तर वय 24 पूर्ण लागतं, त्याआधी 35 किलोवॉटच्या आत. मला ही परीक्षा आवडली. प्रत्येक माणसाला वेगळं पारखून हातात लायसन देणारं हे राज्य, रविवारी मात्र सगळ्यांना एकाच मापाने मोजतं, हे म्हणूनच जास्त लागतं.

कॅमेऱ्याला माझा पाठिंबा एका अटीवर आहे. तो पैसे गोळा करण्याचं यंत्र आहे असं लोकांना वाटू लागलं की संपलं. फ्रान्समध्ये पिवळ्या जॅकेटवाल्यांच्या सरकारविरोधी आंदोलनात निम्म्याहून जास्त कॅमेऱ्यांची मोडतोड झाल्याचं गृहमंत्र्यांनी 2019 च्या सुरुवातीला सांगितलं. इटलीच्या व्हेनेतो भागात कुणीतरी रात्री ग्राइंडरने कॅमेऱ्यांचे खांब कापत फिरलं आणि लोकांनी त्याला फ्लेक्सिमन नाव देऊन डोक्यावर घेतलं. त्याच इटलीत 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की रीतसर प्रमाणित न झालेल्या यंत्राने मोजलेल्या वेगाचा दंड टिकत नाही. गावांनी आपली तिजोरी भरायला घाईघाईत यंत्रं उभी केली की असंच होतं. उलट स्वीडनमध्ये कॅमेऱ्याच्या आधी पाटी असते, जागा जाहीर असतात, हेतू वेग कमी करण्याचा आहे हे उघड दिसतं. तिथला स्वार कॅमेरा पाहून वेग कमी करतो, आणि गावाला तेवढंच हवं असतं.

राज्यानेही आपल्या बाजूचं देणं द्यायला हवं. वळणावरच्या लोखंडी कठड्याखालून घसरत गेलेला स्वार त्याच्या खांबावर आपटून मरतो. खाली आडवी पट्टी लावली की तो वाचू शकतो. कितीतरी घाटांत ती अजून नाही. दंडाचा पैसा आधी तिथे गेलेला दिसला, तर दंड भरणाऱ्याचा हातही कमी आखडेल.

नियम कसा करावा याचा मला पटलेला नमुना फ्रान्समधला आहे. कोंडीत अडकलेल्या मोटारींच्या रांगांमधून मोटरसायकल पुढे काढणं तिथे बेकायदा होतं आणि सगळे करत होते. 2016 मध्ये सरकारने पॅरिस परिसर, मार्सेय, बोर्दो, लियॉं यांच्या भागांत ते चाचणीसाठी कायदेशीर केलं. अपघात वाढल्याचं दिसलं म्हणून 2021 च्या सुरुवातीला थांबवलं. चिडलेले बाइकवाले रस्त्यावर आले. त्याच वर्षी आणखी जिल्ह्यांत, बदललेल्या अटींसह, दुसरी चाचणी सुरू झाली, आणि जानेवारी 2025 पासून ते देशभर कायद्यात आलं: दुभाजक असलेला मोठा रस्ता, डावीकडच्या दोन रांगांच्या मधून, वेग 50 च्या आत. आज स्ट्रासबर्गच्या कोंडीतून असं कायदेशीरपणे निघालेला स्वार राईन ओलांडून जर्मनीतल्या केलमध्ये शिरला की तेच कृत्य दंडाचं ठरतं. ते चमत्कारिक आहेच. पण महत्त्वाचं हे की फ्रेंच सरकारने मोजलं, थांबलं, पुन्हा मोजलं आणि मग लिहिलं.

आवाजाचंही तिथे हेच चाललंय. पॅरिस भागातली ब्रुइपारिफ ही संस्था चार माइक असलेलं एक यंत्र वापरते. ते आवाज कोणत्या दिशेने आला ते ओळखून त्याच गाडीवर बोट ठेवतं. पॅरिसच्या विसाव्या वॉर्डात आणि शेव्रोझच्या खोऱ्यातल्या सेंट-लाम्बेर-दे-ब्वा या छोट्या गावात 2022 पासून अशा आवाजाच्या कॅमेऱ्यांची चाचणी झाली. ते खोरं पॅरिसच्या बाइकवाल्यांचं रविवारचं ठिकाण. तिथल्या लोकांची तक्रार शाउइन्सलांडच्या लोकांसारखीच होती. फरक इतकाच की त्यांना आवाज करणारा माणूस शोधून देणारं यंत्र मिळालं, आणि खोरं मोटरसायकलींना खुलं राहिलं.

म्हणून जर्मन बाइकस्वार संघटनांनी पुढच्या मोर्च्याऐवजी फ्रायबुर्गच्या प्रशासनासमोर एक लेखी प्रस्ताव ठेवावा असं मला वाटतं. शाउइन्सलांडवर मागून फोटो काढणारे वेगाचे आणि आवाजाचे कॅमेरे बसवा, आधी पाटी लावून. त्यातून येणारा पैशांचा दंड मालकाच्या नावावर यावा, यासाठी कायद्यात बदल करायला आमचा पाठिंबा. बदल्यात एका हंगामासाठी शनिवार-रविवार उघडा. गावातल्या घरांच्या भिंतीवर आवाज मोजा, आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांची तुलना गावकऱ्यांच्या सभेत ठेवा. आवाज कमी झाला नाही, तर पुढच्या एप्रिलमध्ये रस्ता बंद करण्यावर आमची हरकत राहणार नाही.